तोच वेग दुसऱ्यांदा

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, की आजीच्या कपाटावरच्या फोटोत ती उघड्या मोटारीत स्टिअरिंग धरून बसली आहे, डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर भला मोठा गॉगल, तर आजी शर्यती करायची का? तुमचे बाबा मध्येच हसले आणि विषय तिथेच राहिला. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते, म्हणजे तुम्ही सावकाश वाचाल.

फोटोत मी हसते आहे असं तुम्हाला वाटतं. मी हसत नाही. दात घट्ट आवळून धरले आहेत. शेजारच्या सीटवर डोळे मिटून, हातात स्टॉपवॉच धरून जे गृहस्थ बसले आहेत, ते सर. गाडी त्यांची. सांगलीच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायची तेव्हा ते पदार्थविज्ञान शिकवायचे. कॉलेजात सगळेच सर होते, पण नुसतं ‘सर’ म्हटलं की ते यांनाच.

गाडीचं नाव कोंबडी. हे नाव काही लाडाने ठेवलेलं नाही. जतच्या बाजूला एका शेतातल्या पडवीत ही विलायती बनावटीची उघडी मोटार वर्षानुवर्षं उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. सरांनी ती कोंबड्यांसकट बघितली आणि ट्रकवर घालून सांगलीला आणली. पुढे कितीतरी वर्षं ते तिच्या खाली आडवे असायचे. भेटायला गेलं की त्यांच्या चपला दिसायच्या आणि आवाज यायचा, “बाई, बसा. कोंबडी खुडूक आहे, आज बोलायची नाही.”

कृष्णेला मोठा पूर आला त्या वर्षी सगळी गल्ली भांडीकुंडी आणि गाद्या माडीवर चढवत होती, तेव्हा सर गाडी उंचावरच्या शाळेच्या मैदानात नेऊन ठेवत होते. त्यांच्या पत्नी तेव्हा होत्या. त्या दारात कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आणि मी?” सर म्हणाले, “तुला पोहता येतं.” त्यावर त्या चार दिवस बोलल्या नाहीत. पण पाणी ओसरल्यावर मैदानावरून गाडी परत आली तेव्हा पुढच्या सीटवर त्याच बसल्या होत्या.

सरांचं एक वाक्य त्यांचे विद्यार्थी अजून म्हणून दाखवतात. प्रयोगशाळेत एखाद्याचं उत्तर बरोबर आलं की ते वही परत द्यायचे आणि म्हणायचे, “एकदा आलं तो अपघात. दुसऱ्यांदा आण, मग उत्तर.” म्हणूनच त्यांना ती घाटातली शर्यत इतकी आवडायची. शर्यत म्हणजे जो आधी पोचेल तो जिंकला, असं तुम्हाला वाटेल. जुन्या गाड्यांच्या त्या मेळाव्यात तसं नव्हतं. सकाळी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट काही तास बंद करत. एकेका गाडीने घाट चढायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा चढायचा. दोन फेऱ्यांच्या वेळेत ज्याचा फरक सगळ्यांत कमी, तो पहिला. रमतगमत गेलं तर बाद, कारण ठरलेल्या वेळेच्या आत वर पोचावं लागे. सर म्हणायचे, “वेग सोपा आहे हो. तोच वेग दुसऱ्यांदा काढणं अवघड.”

शेजारी बसून वेळ सांगायचं आणि वळणं वाचायचं काम त्यांच्या पत्नी करत. त्या गेल्यावर दोन वर्षं गाडी छपराखालीच होती. मी निवृत्त होऊन साताऱ्याला राहायला आले होते. एके दिवशी सरांचा फोन आला. “बाई, कॉलेजची घंटा चुकायची, पण तुमचा तास कधी चुकला नाही. तुम्ही बसाल का शेजारी?”

तुम्हाला ठाऊक आहे, मी घाबरट आहे. तुम्हाला विमानतळावर सोडताना मी चार पासपोर्ट सहा वेळा मोजले होते. पण ज्याचं वेळापत्रक करता येतं त्याची मला भीती वाटत नाही. मी नवी वही घेतली, समास आखला आणि हो म्हटलं.

वळणं कशी सांगायची यावर आमचा पहिला वाद झाला. सरांना अंश हवे होते. मी म्हटलं, “मी पंचेचाळीस अंश म्हणेपर्यंत आपण दरीत असू.” शेवटी आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून ठरवलं. मोठं पसरट वळण म्हणजे ताट, त्याहून लहान ती वाटी, आणि गाडी जवळजवळ उलटी फिरते ती बांगडी. उजवं ताट, डावी वाटी, उजवी बांगडी. माझ्या वहीत सतरा वळणं होती. ‘थांबा’ हा शब्द मी शेवटी लिहायला घेतला तर सर म्हणाले, “तो खोडा. घाटात थांबायचं नसतं.” मी खोडला.

सरांच्या काही सवयी तेव्हा माझ्या नजरेत आल्या होत्या आणि मी त्यांना हसलेही होते. ते कुणाशी बोलताना सगळी मान त्याच्याकडे वळवायचे, घुबडासारखी. खुर्ची उचलून अगदी समोर आणून ठेवायला लावायचे. “बाजूला बसलेल्या माणसावर माझा विश्वास नाही,” म्हणायचे. चहाचा कप टेबलावर ठरलेल्या जागीच हवा. कुणी बाजूने हातात द्यायला गेलं तर घ्यायचेच नाहीत, तसाच धरून उभं राहावं लागायचं. माझ्या घराच्या पायऱ्या उतरताना मोठ्याने मोजायचे. मी मनात म्हटलं, म्हातारपण आणि लहर, दुसरं काय. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं ते माझ्या आधी वाचायचे. सुईत दोरा ओवून द्यायचे. त्यामुळे मला दुसरी काही शंका यायचं कारणच नव्हतं.

मेळाव्याचा फॉर्म माझ्याच टेबलावर भरला. सर सांगत होते, मी लिहीत होते. वय, रक्तगट, आजार. ‘दृष्टी’ असा एक रकाना होता. सर म्हणाले, “उत्तम लिहा.” मी लिहिलं, उत्तम. त्याखाली सहचालक म्हणून माझी सही. माझं अक्षर चांगलं आहे, हे तुम्ही जाणताच. त्या दिवशी ते जास्तच चांगलं आलं होतं.

मेळाव्याच्या सकाळी त्यांच्या पुण्याच्या मुलीचा फोन आला. “काकू, तुम्ही शेजारी आहात म्हणून मी निर्धास्त आहे. नाहीतर मी बाबांना जाऊच दिलं नसतं.” मी म्हटलं, “काळजी करू नकोस.” आयुष्यभर दुसऱ्यांनी मला सांगितलेलं हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

घाटाच्या पायथ्याशी कोरेगावचे बाबू मिस्त्री गाडीभोवती फिरत होते. कोंबडीचं इंजिन त्यांनीच लावून दिलं होतं. ते सरांना सांगून थकले की माझ्याकडे यायचे.

“बाई, तुमी तरी सांगा की त्यास्नी. बिरेक एकदम दाबायचा न्हाई. दोनदा हलकं मारायचं, मग तिसऱ्यांदा जोर लावायचा. जुनं हाय त्ये.”

“बाबू, मला ऐकू येतं,” सर म्हणाले.

“ऐकू येतं वो, पन ऐकता कुठं!”

पहिली फेरी चार मिनिटं बारा सेकंदांत झाली. ती कशी झाली हे मला सांगता येणार नाही. मी मान खाली घालून वही वाचत होते, एक डोळा घड्याळावर. उजवं ताट, डावी वाटी. सर माझ्या आवाजावर गाडी अशी वळवत होते, की शब्द तोंडातून निघावा आणि चाक फिरावं. वर पोचल्यावर ते म्हणाले, “बाई, डोळे मिटूनसुद्धा जमेल.” मी हसले.

सगळ्या गाड्या एका रांगेत खाली आल्या. दुसऱ्या फेरीला तासभर होता. काचेवर धूळ बसली होती म्हणून फडकं शोधायला मी समोरचा कप्पा उघडला. फडक्यात गुंडाळलेली एक लहान पांढरी बाटली होती. डोळ्यांत घालायच्या थेंबांची.

ती बाटली मी लगेच ओळखली. माझ्या सासूबाईंना काचबिंदू होता. त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत, ठरलेल्या वेळेला, अगदी घड्याळ लावून, ते थेंब मीच घालत होते. काचबिंदूत माणसाची नजर कडेकडून जाते. समोरचं अक्षर वाचता येतं, सुई ओवता येते, पण बाजूला उभं असलेलं माणूस दिसत नाही. जणू दोन्ही बाजूंना भिंती उभ्या राहतात आणि दर वर्षी जवळ सरकतात. सासूबाईसुद्धा सगळी मान वळवून बघायच्या. कप त्यांच्यासुद्धा ठरलेल्या जागी लागायचा. मला हे सगळं माहीत होतं आणि तरी मी सरांच्या घुबडासारख्या मानेला हसले होते.

मी बाटली घेऊन सरांकडे गेले. “सर, ही कुणाची?”

“बाबूची असेल.”

इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांचं खोटं मी पहिल्यांदा पकडलं. मी बाटली मुठीत धरली. त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि पांढरा रुमाल हातभर लांब धरला. ते बाबूंशी टायरच्या हवेबद्दल बोलत होते. मी रुमाल हलवला. ते बोलतच राहिले. मी रुमाल पुढे नेत नेत त्यांच्या नाकाच्या रेषेत आणला तेव्हा ते दचकले. “हे काय बाई?”

“घाम पुसा,” मी म्हटलं.

पुढचा तास मी कसा काढला ते मलाच माहीत. संयोजकांचं टेबल पन्नास पावलांवर होतं. जाऊन एवढंच सांगायचं, की माझ्या हातून फॉर्ममध्ये चूक लिहिली गेली आहे. मी दोनदा उठले आणि दोनदा बसले. सांगितलं तर इतक्या लोकांसमोर सरांना गाडीतून उतरवतील. सहचालकाने नकार दिला तरी गाडी बाद. पत्नी गेल्यावर हा माणूस पहिल्यांदा कुठल्यातरी गोष्टीची वाट बघत होता. शिवाय पहिली फेरी नीट झाली होतीच की. मग माझ्या व्यवस्थित डोक्याने एक व्यवस्थित हिशेब केला: त्यांना कडेचं दिसत नाही, मला दिसतं. मी त्यांचे डोळे होईन. चार मिनिटं बारा सेकंदांचाच प्रश्न आहे.

मी गाडीत बसले. ती माझी चूक. ती मी तुमच्यापासून लपवणार नाही.

दुसरी फेरी सुरू झाली. उजवं ताट. डावी वाटी. डावं ताट. मी नेहमीपेक्षा मोठ्याने वाचत होते. तळहाताला घाम सुटून वहीचं पान ओलं झालं होतं. प्रत्येक वळणावर झेंडा घेतलेला स्वयंसेवक होता, पण वळणांच्या मधल्या सरळ रस्त्यावर कुणी नव्हतं. नववं वळण, उजवी बांगडी, संपली. पुढचं वाचायला मी पान उलटलं आणि घुंगरांचा आवाज आला.

मी मान वर केली. डाव्या उतारावरून शेळ्या रस्त्यावर येत होत्या आणि त्यांच्या पुढे, अगदी रस्त्याच्या कडेला, करडू काखेत घेतलेली एक बाई. सरांचा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच होता. त्यांना ती दिसत नव्हती. त्याच क्षणी मला कळलं, की मीसुद्धा आतापर्यंत काही बघत नव्हते. मी वही वाचत होते. दोन्ही फेऱ्यांत त्या गाडीतून रस्त्याच्या कडेला बघणारं कुणीच नव्हतं.

“थांबा!” मी ओरडले.

आमच्या वहीत नसलेला शब्द. सरांनी का म्हणून विचारलं नाही. दोनदा हलकं, तिसऱ्यांदा जोराने. गाडीचं मागचं अंग फिरलं, रबर जळल्याचा वास आला आणि कोंबडी त्या बाईपासून हातभर अंतरावर उभी राहिली. शेळ्या चहूकडे पांगल्या.

ती बाई आधी करडाकडे बघत राहिली. मग आमच्याकडे.

“डोळं फुटल्यात का काय तुमचं?”

सर खाली उतरले. गाडीच्या कडेला हात लावत लावत पुढे गेले आणि त्या बाईसमोर, अगदी नाकासमोर, उभे राहिले.

“व्हय मावशे,” ते म्हणाले, “फुटल्यात.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मग ह्यास्नी गाडी का दिलीया?” तिने मला विचारलं. हा प्रश्न मला पुढे पुष्कळ जणांनी विचारला. तिच्याइतका सरळ कुणी विचारला नाही.

ती शेळ्या हाकत खालच्या बाजूला उतरली. सर तिथेच उभे होते. “मला ती दिसली नाही, बाई.”

“मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तासाभरापासून.”

“मला दोन वर्षं,” ते म्हणाले. “बाई, मागची गाडी आता सुटेल. ती नवव्या वळणावरून येईल, तिथल्या झेंडेवाल्याला आपण दिसत नाही आणि आपण मध्ये उभे आहोत.”

वळण्याइतकी जागा नव्हती. मागे जाता येत नव्हतं. सर स्टिअरिंगपाशी येईनात. तुमचे आजोबा होते तेव्हा मी त्यांची जुनी गाडी चालवत असे, पण ती साताऱ्यातल्या सपाट रस्त्यावर, बाजारहाटापुरती. मी सरकून उजव्या सीटवर बसले. क्लच इतका कडक, की दोन्ही पायांनी दाबावा असं वाटलं. सर डाव्या सीटवर बसले, स्टॉपवॉच हातात घेतलं आणि डोळे मिटले.

“पहिला गिअर. आता हळूच सोडा. पुढे डावी वाटी आहे, पण आत खड्डा, बाहेरून घ्या.”

खरंच पुढे डावी वाटी होती आणि आत खड्डा होता. माझी वही सीटखाली पडली होती, तिची गरज लागली नाही. “उजवं ताट. वडाचं झाड गेलं? मग दुसऱ्यातच राहा. आता बांगडी, बाई, घाबरू नका, कोंबडीला माहीत आहे.” मी रस्त्यावरून डोळे काढले नाहीत. डावी कड, उजवी कड, पुन्हा डावी कड. मागून इंजिनाचा आवाज चढत येत होता. शेवटच्या वळणानंतर झेंडा दिसला, माणसं दिसली आणि कुणीतरी तो फोटो काढला.

सरांनी घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. “अकरा मिनिटं चाळीस. एवढा फरक ह्या घाटात आजवर कुणी काढला नसेल.” आणि ते हसले. मी रडत होते, ते गॉगलमुळे फोटोत आलं नाही.

खाली आल्यावर सर स्वतः संयोजकांच्या टेबलाशी गेले. “आमचा फॉर्म द्या. त्यात एक चूक आहे. बाई दुरुस्त करतील.” तो फॉर्म माझ्यासमोर आला. ‘उत्तम’वर मी रेघ मारली. त्यापुढे ‘काचबिंदू’ लिहिलं. खाली पुन्हा सही केली आणि सहीखाली लिहिलं, ‘हे मला फेरीआधी माहीत होतं’. टेबलामागच्या माणसाने वाचलं, वर पाहिलं. मग त्याने जे ऐकवलं ते मी मान खाली घालून ऐकून घेतलं. ते सगळं खरं होतं. संध्याकाळी मुलीला फोनही मीच केला. आता ती माझ्याशी बोलते, पण निर्धास्त आहे असं पुन्हा कधी म्हणाली नाही.

सर सांगलीलाच आहेत. आता समोरचंही धूसर दिसतं. कोंबडी छपराखाली उभी असते, चारी चाकांखाली विटा. बाबू मिस्त्री अधूनमधून येऊन तिला पुसून जातात. महिन्यातून एकदा मी बसने सांगलीला जाते. चहा ठरलेल्या जागी ठेवते. मग सर गाडीत बसतात, मी त्यांच्या डावीकडे.

“सोडा,” ते म्हणतात. मी घड्याळ सुरू करते.

इंजिन बंद असतं, पण त्यांचे हात फिरत असतात, पाय दाबत असतात. उजवं ताट, डावी वाटी, डावं ताट. समोर छपराची चुना लावलेली भिंत. पूर्वी त्यांना शेजारचा माणूस बोलायला लागायचा. आता ते स्वतःच बोलतात. नववं वळण येतं. उजवी बांगडी संपते. आणि तिथे, दर वेळी, ते ब्रेक मारतात. दोनदा हलकं, तिसऱ्यांदा जोराने.

घड्याळ चालू असतं. ते मान डावीकडे, सबंध डावीकडे वळवतात.

“गेली?” ते विचारतात.

मी भिंतीकडे बघते. नीट बघते. घाई करत नाही.

“गेली, सर.”

मग ते पहिला गिअर टाकतात.